वड्या पाडलेला स्टिकर

चोराला मोठी वस्तू नको असते, असं ठामपणे मानणारा उभ्या कुवेतात एकच माणूस होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या वस्तूवर सगळ्यांचाच डोळा असतो, म्हणून ती जागच्या जागी राहते. जातं ते लहान. त्यामुळे ताईंच्या दागिन्यांच्या कपाटाला किल्ली तशीच लोंबकळत असायची, आणि न्हाणीतल्या साबणावर मात्र नखानं खूण केलेली असायची. कुणी हसलं तर म्हणायचे, "साडूभाऊ, हत्तीला कुणी हात लावत नाही. अंकुश तेवढा पळवतात." मी चौथी शिकलेला माणूस. हत्ती मी जत्रेत बघितलेला, अंकुश कधी बघितला नव्हता, त्यामुळे मान डोलवायचो.

हे साडू म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमची ही नर्स होती. तिला कुवेतात नोकरी लागली, तिच्या पाठोपाठ मी गेलो आणि राई नावाच्या भागातल्या एका गोदामाचा ट्रक चालवायला लागलो. आम्ही हवल्लीत राहायचो. पुढं हिनंच खटपट करून ताईंना आणि साडूंना बोलावून घेतलं. साडू बी.एस्सी. झालेले, हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे, आणि अबू हलीफाला समुद्राजवळ त्यांचा फ्लॅट होता. आमच्या घरात लिहिणं-वाचणं हे हिचं खातं. "दाजींवर कुणीतरी लिहायला पाहिजे," असं ती कायम म्हणायची. आता ती नाही. कुणीतरी म्हणजे मीच उरलो. म्हणून बसलोय.

साडूंची गाडी पांढरी, जपानी, तीन मालकांच्या हाताखालून आलेली. तिच्यावर त्यांचा जीव. पण गाडी जाईल ही भीती त्यांना कधीच नव्हती. भीती होती ती तिच्या अंगावरच्या बारीकसारीक वस्तूंची. रोज संध्याकाळी गाडी लावली की दोन्ही वायपर उपसायचे आणि काखेत धरून लिफ्टनं वर न्यायचे. शेजारचा मिसरी, म्हणजे इजिप्तचा माणूस, खबूसच्या रोट्या काखेत मारून वर यायचा आणि आमचे साडू वायपर. दोघं एकमेकांना सलाम करायचे. एकदा हिवाळ्यात आम्ही चौघं निघालो असताना आभाळ फाटलं. तिकडं पाऊस म्हणजे वर्षातनं दोनचार वेळा, पण पडला की धड पडतो. पुढचं काही दिसेना, आणि वायपर घरी, ताईंच्या साड्यांखाली. साडू खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकत होते आणि ताई दुसऱ्या खिडकीतून हात काढून पदरानं काच पुसत होत्या. ही मागं बसून हसून हसून आडवी. मी म्हटलं, "साडूभाऊ, वायपर आज गाडीला असते तर?" ते भिजल्या तोंडानं म्हणाले, "तेच सांगतोय. चोरीला गेले असते तर प्रत्येक पावसात हे असंच झालं असतं." ताई म्हणाल्या, "पुढं बघा आधी."

पण वायपर म्हणजे काहीच नाही. त्यांचा खरा जीव अडकला होता तो गाडीच्या नोंदणीच्या स्टिकरात. बाहेरून काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला तळहाताएवढा कागद. त्यांचं म्हणणं, हा कागद कुणीही अलगद सोलून दुसऱ्या गाडीला लावील आणि आपण बसू कचेरीच्या पायऱ्या झिजवत. म्हणून नवा स्टिकर लावला की त्याच दिवशी ते दाढीचं ब्लेड घेऊन खाली उतरायचे आणि त्या स्टिकरच्या वड्या पाडायचे. आडव्या रेघा, तिरप्या रेघा, अगदी ताटात थापलेल्या आल्याच्या वड्या कापाव्यात तशा. मग कुणी नखानं कोपरा उचललाच तर एक वडी हाताला येणार, बाकी तिथंच. "चोराला अख्खी भाकरी मिळता कामा नये," असं म्हणायचे. "तुकड्यासाठी तो वाकत नाही." हे ज्ञान ते स्वतःजवळ ठेवणाऱ्यातले नव्हते. एक्स-रे काढताना माणसाला सांगायचे, श्वास घ्या, रोखून धरा, आणि तो बिचारा तसा फुगलेला असताना विचारायचे, गाडी आहे का, स्टिकर कापला का. हिला त्यांच्या हॉस्पिटलातल्या एका मलबारी नर्सनं हे सांगितलं होतं. एका शुक्रवारी माझ्याकडं राईत आले आणि मी चहा आणेपर्यंत आमच्या मालकाच्या ट्रकच्या स्टिकरच्याही वड्या पाडून मोकळे झाले. मालकानं विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, नातेवाईक. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अल्ला तुला सबुरी देवो."

मग नव्वद सालचा तो ऑगस्ट आला. सकाळी उठलो तर देश दुसऱ्याचा झालेला. रस्त्यावर इराकी रणगाडे. आपली माणसं बसा भरून बसऱ्याच्या, बगदादच्या वाटेनं अम्मान गाठायला लागली. तिथून विमानं सुटत होती. आम्ही मात्र अडकलो ते एकमेकांत. हिचा वॉर्ड भरलेला आणि निम्म्या नर्सा निघून गेलेल्या, त्यामुळे ही हलेना. ताई म्हणाल्या, "जायचं तर चौघांनी. एकालाही मागं ठेवून मी पाऊल टाकणार नाही." साडू म्हणाले, "गाडीशिवाय नाही." मीही कुणाशिवाय जाणार नव्हतो, पण मला कुणी विचारलंच नाही. आठवडे गेले. आणि हुकूम निघाला, की सगळ्या गाड्यांची नव्यानं नोंदणी करायची, नवी पाटी, नवा स्टिकर. ज्याच्यापाशी नाही त्याला पेट्रोल नाही. झालं. लोक खरंच स्टिकर चोरायला लागले. आमच्या बिल्डिंगीखाली रोज कुठल्या ना कुठल्या गाडीच्या काचेचा कोपरा स्वच्छ असायचा आणि मालक डोक्याला हात लावून उभा असायचा. आयुष्यभर ज्याला वेडा म्हटलं तो माणूस एका आठवड्यात शहाणा ठरला. साडू ताठ मानेनं हिंडायला लागले. अनोळखी माणसं त्यांना वड्या पाडायला बोलावून नेत होती. हिला ते बघवेना. एक दिवस म्हणाली, "दाजी, देश गेला हो. आणि तुम्हाला स्टिकर राहिल्याचा आनंद?" त्यांनी हातातलं ब्लेड कागदात गुंडाळलं. मग म्हणाले, "देश माझ्या हातात नव्हता गं. स्टिकर आहे." हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. आता कधी कधी आठवतं आणि हसू येत नाही.

वड्यांवर ते थांबले असते तरी निभावलं असतं. पण चोर शिकतात. कुणीतरी सगळ्या वड्या जपून काढून दुसरीकडं कोड्यासारख्या जुळवल्याचं त्यांनी ऐकलं आणि त्यांची झोप उडाली. मग त्यांना बिब्बा सुचला. ताईंनी गावाहून येताना दृष्ट काढायला डब्यात चार बिब्बे आणले होते. आपल्याकडं परीट कपड्यावर बिब्ब्यानं खूण करतो, कपडा फाटतो पण खूण जात नाही. तर यांनी बिब्बा गरम करून, सुई टोचून, त्याचं तेल काढलं आणि काडीनं स्टिकरवर गाडीच्या पाटीवरचा नंबर लिहिला. नंबर होता एक हजार एक. आणि लिहिला तो मराठीत. मी विचारलं, मराठीत का? तर म्हणाले, "उद्या चोराला खाडाखोड करून दुसरा आकडा घालायचा झाला, तर त्याला आधी आपल्या बालवाडीत बसावं लागेल." त्या नादात बिब्बा त्यांच्या बोटांवर उतला. बोटं भज्यांसारखी फुगली. ही रोज ड्युटीवरून थकून यायची आणि त्यांच्या बोटांना खोबरेल लावून पट्टी बांधायची. "अहो, लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतात," असं म्हणाली होती. "तुम्ही स्वतःच्याच घातलात." बोलायला गेली ती गंमत म्हणून.

शेवटी हिच्या वॉर्डाला दुसऱ्या बायका मिळाल्या आणि आम्ही निघालो. चौघं, ताईंच्या म्हणण्याप्रमाणे. गाडीत, साडूंच्या म्हणण्याप्रमाणे. पुढं ते आणि मी, मागं दोघी बहिणी, मांडीवर दशम्या आणि पाण्याचे कॅन. हद्दीच्या अलीकडं चौकी लागली. भर दुपार. सैनिक कोवळा, मिसरूड नुकतं फुटलेलं. कागद बघितले, पाटी बघितली, मग काचेपाशी वाकला आणि वाकलेलाच राहिला. स्टिकरवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागला, "तिसा, खमसा, खमसा, तिसा." म्हणजे नऊ, पाच, पाच, नऊ. मग पाटीवर बोट ठेवून, "वाहिद, सिफर, सिफर, वाहिद." म्हणजे एक, शून्य, शून्य, एक. आणि आमच्याकडं असं बघितलं, की चोर सापडले.

आता हे समजून घ्या. अरबीत शून्य म्हणजे नुसता ठिपका. आपण शून्य काढतो तसला वाटोळा आकडा त्यांच्याकडं पाच. आणि आपला एक बघाल तर थेट त्यांचा नऊ. आम्ही इतकी वर्षं तिथं खाल्लं-प्यालं, त्यांचे आकडे वाचून भाजी घेतली, पण बिब्बा लावताना हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. साडू खाली उतरले. पट्ट्या बांधलेली बोटं नाचवत अरबीत म्हणाले, "हा वाहिद आहे. हिंदी वाहिद. हे हिंदी आकडे आहेत." तो पोरगा चक्रावला. त्यानं पाटीकडं हात केला. "हिंदी आकडे हे. आम्ही शाळेत शिकलो, आमचे आकडे म्हणजे हिंदी आकडे." त्यांच्या भाषेत त्यांच्या आकड्यांना खरंच तसं म्हणतात, हे नंतर कळलं. साडू चिडले, "मी हिंदी आहे, मला शिकवतोस?" तो शांतपणे म्हणाला, "हिंदी असून तुला हिंदी आकडे येत नाहीत, म्हणूनच मला संशय येतोय." मागून ही फस्‌कन हसली. मग ताई हसल्या. मग मी. बंदूक समोर असताना आम्ही तिघं तोंडं दाबून हसत होतो, आणि ते एकटे उन्हात उभे राहून शून्य कुणी शोधून काढलं ते त्या पोराला सांगत होते. त्या गाडीत आम्ही हसलो ते शेवटचं.

आतून साहेब आला. त्यानं आकडे बघितले, मग वड्या बघितल्या. म्हणाला, हा तुकडे जोडून केलेला स्टिकर आहे. ही उतरून पुढं झाली आणि हॉस्पिटलातलं अरबी पणाला लावून सगळं सांगितलं, बिब्बा, परीट, बालवाडी. त्यानं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "बहिणी, तू खरं बोलत असशील. पण नंबर जुळत नाही. गाडी इथं राहील, एकदोन दिवसांत तपास होईल. तुम्हा चौघांना मी मागच्या बसमध्ये बसवून देतो." मागं मिसरी लोकांची बस उभी होती. चालक हॉर्न मारत होता.

आम्ही सामान उचललं. साडू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभे. तापलेला पत्रा, वर उतलेली बोटं, पण हात काढीनात. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाले. "एकदोन दिवसांचा तर प्रश्न आहे. गाडी घेऊन मी तुमच्या आधी अम्मानला पोचतो की नाही बघा." मी दंड धरला, दोनदा ओढलं. म्हटलं, साडूभाऊ, पत्रा आहे तो. हलले नाहीत. ही म्हणाली, "दाजी, ताईचं ऐका." ताई बसच्या पायरीवर उभ्या राहून त्यांच्याकडं बघत होत्या. इतके आठवडे ज्या बाईनं एक अट घातली होती, तिनं ती तिथं परत काढली नाही. चालकानं पुन्हा हॉर्न मारला तेव्हा आत जाऊन बसल्या. शेजारची जागा त्यांनी पिशवी ठेवून धरली होती. बस हलल्यावर पिशवी मांडीवर घेतली.

ते अम्मानला आले नाहीत. आम्ही तिथं तंबूत वाट बघितली, मग विमानात बसवलं तेव्हा बसलो. कराडला आलो. लढाई सुरू झाली. टीव्हीवर नुसता धूर. ताई आमच्याकडंच राहत होत्या, जेवायच्या, कामं करायच्या, आणि दारात रिक्षा थांबली की हातातलं खाली ठेवायच्या. हिनं रेडिओ उशाशी घेऊन दिवस काढले. मी काय करणार, मी शेंगा फोडत बसायचो.

उन्हाळ्यात ते आले. दारात उभे, निम्मे झालेले, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. जेवण झाल्यावर हळूहळू सांगायला लागले. तिसऱ्या दिवशी चौकीवर एक मोठा अधिकारी आला, तो पुण्यात कॉलेज शिकलेला. त्यानं स्टिकरवर नजर टाकली आणि म्हणाला, हे एक हजार एक आहे, पुण्यात मी बसचे नंबर असेच वाचायचो. साडूंना चहा पाजला, गाडी परत दिली. पण तोवर हद्दीवरून माणसं पलीकडं सोडणं थांबवलं होतं. माघारी अबू हलीफाला जा म्हणाले. मग लढाई. वीज नाही, पाणी नाही, तेलाच्या विहिरी पेटल्यानं दिवसा अंधार. आणि सैन्य पळायला लागलं त्या दिवशी चारजण बिल्डिंगीखाली आले. साडू खिडकीतून बघत होते. आधी एकानं सुरीनं स्टिकर काढायचा प्रयत्न केला. खरवडलं, थुंकी लावली, पुन्हा खरवडलं. निघेना. मग त्यांनी दाराची काच फोडली आणि गाडीच घेऊन गेले.

हे सांगताना त्यांचा चेहरा जरासा उजळला. "पण स्टिकर निघाला नाही हं, साडूभाऊ. शेवटी अख्खी गाडी न्यावी लागली त्यांना."

मला हसू आलं होतं, पण ताई समोर होत्या. त्या खरकटी ताटं गोळा करत होत्या. ताटं हातातच ठेवून म्हणाल्या, "म्हणजे मोठीच वस्तू नेली की."

साडूंनी शेजारची पिशवी जवळ ओढली.

"तुमच्या हिशेबात मी कशात होते? लहानात का मोठ्यात?"

आवाज चढला नव्हता. भाजीत मीठ आहे का विचारावं तसं विचारलं. साडूंनी मान खाली घातली. ही उठली, ताईंच्या हातातली ताटं घेतली आणि आत गेली. पुन्हा तो विषय कुणी काढला नाही, ताईंनीही नाही. पण उत्तर मिळालं नाही ते नाहीच.

साडू परत कुवेतला गेले नाहीत. कराडात एका डॉक्टरकडं एक्स-रे काढत राहिले. गाडी घेतली नाही, घेऊ शकत असून. कुलपाबिलपाचं, खुणांचं वेड कुठं गेलं कोण जाणे. त्याच्या जागी दुसरंच आलं. कुठंही जायचं असलं की हे सगळ्यांच्या आधी गाडीत चढणार. एसटी सुटायच्या कितीतरी आधी स्टँडवर हजर, फलाटाला लागता लागता आत, आणि शेजारच्या जागेवर हात पसरून बसणार. बस रिकामी असली तरी हात तसाच. कुणी विचारलं तर, "येतायत, येतायत." ताई निवांत मागून येणार, तो हात उचलला जाणार, मग त्या बसणार. लग्नाच्या वऱ्हाडात, कुणाच्या टेम्पोत, सगळीकडं हेच. पोरं टिंगल करायची, म्हातारा खिडकीसाठी धावतो. ही एकदा पोरांवर खवळली होती. म्हणाली, "खिडकी ताईला देतात ते. डोळे आहेत का तुम्हाला?" आणि ते खरं होतं. मी इतक्या वेळा बघून मला दिसलं नव्हतं.

चौघं पुन्हा एका गाडीत कधी बसलो नाही. का, ते सांगता येत नाही. कधी हिची ड्युटी, कधी माझे गुडघे, कधी कुणाचं काही. बसू की, घाई काय आहे, असं म्हणत इतकी वर्षं गेली. वाईट वाटतं ते याचंच.

ही गेली ती कराडच्याच हॉस्पिटलात, सकाळची वेळ. कागदांवर अंगठा की सही विचारत होते, मी सही केली, हिनंच घोटून घेतलेली. खाली आलो तर गाडी दारात लागलेली, मागचं दार उघडं, तिला आत ठेवलेली. कडेला लहानसा बाक. माणसं बरीच जमली होती आणि सगळी माझ्यासाठी बाजूला झाली होती. आत बघतो तर साडू आधीच चढून बसलेले. वय झालेलं, चष्मा घसरलेला, कसे चढले देव जाणे. आणि शेजारी, तिच्या डोक्याजवळच्या जागेवर, हात पसरून ठेवलेला.

"चढा, साडूभाऊ," म्हणाले आणि हात उचलला.

त्या बाकावर माझी जागा घ्यायला दुसरं कोण येणार होतं? खालून ताईंनी हात दिला, वरून त्यांनी ओढलं, आणि मी बसलो. गाडी खड्ड्यांतून चालली होती. मी तिच्या कपाळावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.